न्यूरॉनला गोळा समजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एआयवर हल्ली तुमच्या पेपरात बरंच छापून येतं, मी सगळं वाचतो, त्यातले बरेच लेख चांगले पण असतात, पण दर दोनचार लेखांमागे एक वाक्य हटकून भेटतं आणि तिथे माझं डोकं सटकतं. ते असं की मेंदूतला न्यूरॉन येणाऱ्या सिग्नलांची बेरीज करतो, बेरीज एका मर्यादेच्या वर गेली की पुढे सिग्नल सोडतो, आणि कॉम्प्युटरमधलं न्यूरल नेटवर्क अगदी असंच चालतं. अहो, हे "अगदी असंच" आणलं कुठून? बरं, बाजूला चित्र पण ठरलेलं, एक गरगरीत गोल पेशी, तिला चारपाच आखूड फाटे आणि एक लांबलचक शेपूट. फाटे म्हणजे डेंड्राइट, तिथे सिग्नल येतात. शेपूट म्हणजे ॲक्सॉन, तिथून सिग्नल बाहेर जातो. माझं सगळं भांडण त्या आखूड फाट्यांशी आहे.

आधीच सांगतो, मी काही मेंदूचा डॉक्टर नाही. इलेक्ट्रिकलचा माणूस, अख्खी नोकरी केबल, लोड आणि लॉसेस यातच गेली, रिटायर झाल्यावर निवांत वाचायला मिळालं तेव्हा कळलं की न्यूरॉनमध्ये पण शेवटी केबलच आहे, आणि तेव्हापासून हा विषय काही सुटत नाहीये.

पाठीच्या कण्यातला मोटर न्यूरॉन घ्या, स्नायूंना हुकूम देणारा. त्याच्या शरीराचा जो पृष्ठभाग आहे त्यातला ९० टक्क्यांहून जास्त डेंड्राइटचाच असतो, आणि चित्रात जो एवढा मोठा गोल दाखवतात तो हिशोबात किरकोळ! मेंदूच्या बाहेरच्या थरातला पिरॅमिडल न्यूरॉन घेतला तर त्याच्या फांद्यांवर साधारण दहा हजार सिनॅप्स, म्हणजे दुसऱ्या न्यूरॉनकडून सिग्नल घ्यायचे सांधे, बसलेले असतात. छोट्या मेंदूतला पर्किंजे न्यूरॉन तर पसरलेल्या झाडासारखा, एकाच पातळीत दाबून ठेवल्यासारखा, त्याच्यावर लाखाच्या वर सिनॅप्स. आणि त्याच छोट्या मेंदूत त्याच्या शेजारीच ग्रॅन्युल सेल नावाची पेशी असते तिला जेमतेम चारपाच आखूड डेंड्राइट. आता हे सगळं एकाच गोलात आणि चारपाच फाट्यांत कसं काय बसवणार? त्यापेक्षा काहाल या जुन्या मेंदूशास्त्रज्ञाची चित्रं छापा ना. काहालला १९०६ चं नोबेल गॉल्जीबरोबर वाटून मिळालं, पेशी रंगवायची पद्धत गॉल्जीची, ती वापरून चित्रं काढली काहालने, आणि मेंदूची रचना कशी यावर दोघांची मतं मात्र पार उलट (नोबेलच्या भाषणातसुद्धा भांडण मिटलं नाही). त्या चित्रांत प्रत्येक फांदी दिसते, आणि सिग्नल कुठून कुठे जातो त्याचे बाण पण.

तर आता मुद्द्याचं. एखाद्या फांदीच्या टोकाजवळ सिनॅप्स उघडला की थोडा करंट आत येतो आणि तिथलं व्होल्टेज थोडं वर चढतं. पेशी शांत असताना आत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतात आणि सिग्नल सुटायला साधारण उणे ५५ च्या आसपास पोचावं लागतं, म्हणजे एकूण १५ मिलिव्होल्टचा चढ. एका सिनॅप्सचा धक्का पेशीच्या मधल्या गोलापर्यंत (पुढे त्यालाच नुसतं पेशी म्हणतो) पोचेतो बहुतेक वेळा १ मिलिव्होल्टपेक्षा पण कमी उरतो. का, तर फांदी म्हणजे जागोजागी गळणारा रबरी पाईप आहे, एका टोकाने पाणी सोडलं की दुसऱ्या टोकाला किती येणार ते पाईप किती जाड आणि भोकं किती यावरच ठरणार. जाडी म्हणजे आकार. भोकं म्हणजे मेंब्रेन, पेशीचं पातळ आवरण. एवढ्या दोनच गोष्टी, पण यांच्यातूनच पुढचं सगळं रामायण घडतं.

याचं गणित लॉर्ड केल्विनने १८५५ मध्येच करून ठेवलंय, न्यूरॉनसाठी नव्हे, समुद्राच्या तळाशी टाकायच्या टेलिग्राफच्या केबलसाठी. तेच समीकरण इथे लागतं. मेंब्रेनचा रेझिस्टन्स समजा २०,००० ओहम वर्ग सेंटिमीटर, आतल्या द्रवाचा १०० ओहम सेंटिमीटर आणि फांदीची जाडी २ मायक्रॉन, तर हिशोब बरोब्बर १ मिलिमीटर येतो. म्हणजे फांदी लांबच लांब असेल तर एवढं अंतर गेल्यावर स्थिर व्होल्टेज ३७ टक्के उरतं. जाडी अर्ध्या मायक्रॉनवर आणली, म्हणजे चौथा हिस्सा केली, की हेच अंतर अर्धं होतं, कारण जाडीचं वर्गमूळ लागतं. आता कुणी म्हणेल की डेंड्राइट तर काहीशे मायक्रॉनचेच असतात, मग १ मिलिमीटर भरपूर झालं की. नाही हो, हा हिशोब स्थिर व्होल्टेजचा झाला, सिनॅप्सचा धक्का काही मिलिसेकंदांत येऊन जातो आणि मेंब्रेन कपॅसिटर पण आहे, म्हणजे चार्ज साठवतं, दर वर्ग सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोफॅरड. पटकन बदलणारं व्होल्टेज कपॅसिटर खाऊन टाकतो, वर वाटेत फांद्या फुटतात तिथे प्रत्येक फाटा आपापला लोड टाकतो. म्हणून टोकाला भरपूर उंच उठलेला धक्का पेशीपाशी येईपर्यंत कित्येक पट छोटा आणि पसरट झालेला असतो.

आणि रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स केलं की वेळ मिळतो. वरचेच आकडे घेतले तर २० मिलिसेकंद. याचा अर्थ एक धक्का विरायच्या आत दुसरा आला तर तो पहिल्याच्या खांद्यावर चढतो, उशिरा आला तर एकटा पडतो. म्हणजे बेरीज किती वेळाची करायची ते मेंब्रेन ठरवतं. आवाज कुठल्या बाजूने आला ते ओळखणारे न्यूरॉन मेंदूच्या खालच्या भागात आहेत, दोन्ही कानांकडून येणाऱ्या सिग्नलांमधला सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरक माणसाला कळतो, आता तिथे २० मिलिसेकंद घोळत बसणारी पेशी काय कामाची? म्हणून त्या न्यूरॉनच्या मेंब्रेनमध्ये पोटॅशियमचे चॅनेल, म्हणजे ये-जा करायची बारीक दारं, भरपूर उघडे असतात, गळती मुद्दामच जास्त, त्यांचा वेळ १ मिलिसेकंदाच्या पण आत येतो, आणि डेंड्राइट दोन बाजूंना दोन, एका बाजूवर या कानाचे सिग्नल आणि दुसऱ्या बाजूवर त्या कानाचे. दोन्ही एकदम आले तरच पेशी बोलते. हे बघा, गळती म्हटलं की आपल्याला वाटतं डिझाइन बिघडलं, इथे गळती हेच डिझाइन आहे.

आता तो किस्सा ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. न्यूरॉनला गोळा समजण्याची चूक काही पत्रकारांनीच केलेली नाही, जॉन एकल्स या मोठ्या मेंदूशास्त्रज्ञाने केलीय, ज्यांना १९६३ मध्ये हॉजकिन आणि हक्सलींबरोबर नोबेल मिळालं. १९५० च्या दशकात एकल्स आणि त्यांचे सहकारी मांजराच्या मोटर न्यूरॉनमध्ये काचेची बारीक सुई घालून व्होल्टेज मोजत होते, त्या काळात हे म्हणजे कमालच होती. त्यांनी करंट सोडून मेंब्रेनचा वेळ मोजला तर तो साधारण २ मिलिसेकंद आला. पण सिनॅप्सचा धक्का विरायला त्याहून बराच जास्त वेळ लागत होता. मग त्यांनी अर्थ लावला की सिनॅप्सवर सोडलेलं रसायन मागे रेंगाळत असणार आणि करंट चालूच ठेवत असणार. विल्फ्रिड रॉल नावाचा माणूस, मूळचा फिजिक्सवाला, एकल्सच्याच लॅबमध्ये न्यूझीलंडला काम करून आलेला, त्याने १९५७ पासून लिहायला सुरुवात केली की साहेब, तुम्ही पेशीला गोळा धरताय आणि तिथेच गडबड आहे. सुईतून सोडलेला करंट नुसता गोळा चार्ज करत नाही, तो डेंड्राइटमध्ये पण पळतो, म्हणून सुरुवातीचा वक्र खरा वाटतो त्यापेक्षा भराभर चढतो आणि तुम्हाला वेळ कमी दिसतो. डेंड्राइट हिशोबात घेऊन तेच आकडे परत मांडले तर वेळ जवळपास दुप्पट निघाला, आणि मग ते रेंगाळणारं रसायन मानायची गरजच उरली नाही. सुई तीच, पेशी तीच, आकडे पण तेच. फक्त आकार विसरल्यामुळे नसलेलं रसायन दिसायला लागलं! आणि हे लोकांना पटायला बरीच वर्षं लागली, कारण एकल्सचं नाव मोठं आणि रॉलच्या लेखांत गणित फार. आमच्या लाइनमध्ये पण हेच चालतं, गणितवाल्याचं म्हणणं ट्रान्सफॉर्मर जळाल्यावर पटतं.

रॉलने पुढे १९६४ मध्ये फांदीचे छोटे छोटे तुकडे पाडून कॉम्प्युटरवर हिशोब केला आणि एक मजेशीर गोष्ट दाखवली. एकाच फांदीवर चार जागी सिनॅप्स आहेत. आधी टोकाचा उघडला, मग त्याच्या आतला, असं करत पेशीकडे आलो तर पेशीपाशी धक्का मोठा मिळतो. उलट क्रमाने, पेशीकडून टोकाकडे गेलो तर छोटा. सिनॅप्स तेच, ताकद तीच, क्रम फक्त उलटा. कारण लांबचा सिग्नल पोचायला वेळ लागतो, तो निघाल्यावर जवळचे उघडले तर सगळे एकदम दारात येतात. हे खरोखरच्या फांदीवर नीट दाखवायला २०१० उजाडलं. लंडनमध्ये ब्रांको, क्लार्क आणि हॉयझर यांनी उंदराच्या मेंदूच्या कापात एकाच बारीक डेंड्राइटवरच्या ओळीने असलेल्या सिनॅप्सच्या जागांवर लेझरने एकेक करून ग्लुटामेट, म्हणजे सिनॅप्सवर सिग्नल देणारं रसायन, मोकळं केलं, एकदा टोकाकडून आत आणि एकदा आतून टोकाकडे, आणि फरक पडला. एकच फांदी, तिला दिशा कळते. आता मला सांगा, नुसत्या बेरजेत क्रम कुठे असतो? तीन अधिक दोन काय आणि दोन अधिक तीन काय.

इथवर मी मेंब्रेनला नुसती गळती म्हणत आलो, पण ते पण अर्धवटच आहे, त्यातले बरेच चॅनेल व्होल्टेज बघून उघडमीट करतात, आणि ते सगळीकडे सारखे पेरलेले नसतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे नवीन आठवणी बनण्यासाठी जो भाग लागतो तिथल्या पिरॅमिडल न्यूरॉनमध्ये एचसीएन नावाचे चॅनेल पेशीपासून जितकं लांब जावं तितके दाट होत जातात. वर म्हटलं तसं लांबचा धक्का पेशीपाशी येतो तेव्हा पसरट झालेला असतो, म्हणजे लांबून येणाऱ्या लागोपाठच्या धक्क्यांची बेरीज जवळच्यांपेक्षा जास्त व्हायला हवी, पसरट असल्यामुळे ते एकमेकांवर चढणार. जेफ्री मॅगीने १९९८-९९ मध्ये मोजलं तर तसं होत नव्हतं, जवळचे आणि लांबचे दोघांची बेरीज पेशीपाशी जवळपास सारखी. हे चॅनेल औषधाने बंद केले की मग लांबच्यांची जास्त व्हायला लागली. म्हणजे तारेतला दोष तारेतच सुधारून ठेवलाय! आणि हे काही नुसतं पुस्तकी नाही, लॅमोट्रिजीन हे फिट्सवर देतात ते औषध, ते डेंड्राइटमधला हाच करंट वाढवतं असं २००२ मध्ये दिसलं, अर्थात त्या औषधाचं ते एकच काम नाही, सोडियमच्या चॅनेलवर पण ते चालतं.

अजून एक गंमत आहे. दोन सिनॅप्स एकाच बारीक फांदीवर शेजारी शेजारी बसले असतील तर फायदा की तोटा? साध्या तारेच्या हिशोबाने तोटा, कारण पहिल्याने तिथलं व्होल्टेज आधीच वर नेलं की दुसऱ्याला करंट ढकलायला जोर कमी उरतो, त्यापेक्षा वेगवेगळ्या फांद्यांवर असते तर बरं. पण एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे ग्लुटामेटने उघडणारे चॅनेल, असले की उलटं होतं. त्यांच्या तोंडात मॅग्नेशियम अडकलेलं असतं, नुसतं ग्लुटामेट येऊन भागत नाही, आजूबाजूचं व्होल्टेज पण चढलेलं लागतं, तेव्हा ते मॅग्नेशियम निघतं. मग शेजाऱ्यांनी मिळून व्होल्टेज चढवलं की ती फांदी एकटीच भडकते, एनएमडीए स्पाइक म्हणतात त्याला, २००० मध्ये पिरॅमिडल न्यूरॉनच्या बारीक फांद्यांत तो दाखवला गेला. तर एकाच प्रश्नाला दोन विरुद्ध उत्तरं आणि दोन्ही बरोबर, सिनॅप्स किती आहेत ते विचारून उपयोग नाही, बसलेत कुठे आणि फांदीत काय आहे ते विचारावं लागतं.

अडवणाऱ्या सिनॅप्सचं पण तसंच, फार लांबवत नाही, पण सिग्नलच्या वाटेवर पेशीच्या बाजूला बसलेला अडवणारा सिनॅप्स जेवढं नुकसान करतो तेवढं तोच सिनॅप्स भलत्याच फांदीवर बसून करू शकत नाही. मेंदूने तर यासाठी वेगवेगळे न्यूरॉनच ठेवलेत, कोणी पेशीच्या अंगावरच सिनॅप्स करतो, कोणी ॲक्सॉनच्या मुळाशी, कोणी थेट वरच्या फांद्यांच्या टोकांवर.

आणि ज्यांना वाटतं की आकार वगैरे ठीक आहे पण खरी करामत चॅनेलचीच, त्यांच्यासाठी १९९६ चं मेनेन आणि सेजनोव्स्की यांचं काम आहे. त्यांनी कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या आकाराचे खरे न्यूरॉन घेतले, सगळ्यांत एकाच प्रकारचे चॅनेल एकाच हिशोबाने पेरले आणि करंट सोडला. एक न्यूरॉन सावकाश एकेक सिग्नल सोडायला लागला, दुसरा झुंडीने. फरक फक्त झाडाचा.

आता परत एआयकडे येतो. कॉम्प्युटरमधल्या त्या न्यूरॉनची कल्पना १९४३ ची, मॅककलक आणि पिट्सची, तेव्हा डेंड्राइटबद्दल हे काहीच माहीत नव्हतं, त्यांना दोष द्यायचं कारण नाही, त्यांनी मुद्दामच सोपं केलं आणि त्या सोप्या गोळ्यावर आज केवढी मोठी इंडस्ट्री उभी आहे. पण तो गोळा मेंदूतल्या पेशीशी जुळतो का हा वेगळाच प्रश्न. १९६९ मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी दाखवलं होतं की अशा गोळ्यांच्या एकाच थराला "हे किंवा ते, पण दोन्ही नकोत" एवढं साधं पण जमत नाही. २०२० मध्ये माणसाच्या मेंदूचे तुकडे, फिट्स किंवा गाठीच्या ऑपरेशनमध्ये काढलेले, ते तपासताना वरच्या थरातल्या न्यूरॉनच्या डेंड्राइटमध्ये असा एक कॅल्शियमचा स्पाइक सापडला की जो जेमतेम पुरेशा करंटला सगळ्यात मोठा असतो आणि करंट वाढवला की छोटा होत जातो, आणि मॉडेलमध्ये घालून बघितलं तर नेमकं हेच गणित एका पेशीला जमलं. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, बेनियागेव, सेगेव आणि लंडन यांनी उंदराच्या एका पिरॅमिडल न्यूरॉनच्या मॉडेलची मिलिसेकंदागणिक नक्कल करायला एआयचंच नेटवर्क लावलं तर ५ ते ८ थर लागले. एका पेशीला! आणि त्यातून एनएमडीए काढून टाकले तर एका थरावर भागलं.

आता यावरून कुणी मथळा करेल की एक न्यूरॉन म्हणजे अख्खा कॉम्प्युटर, तर कृपा करून ते पण करू नका. वरचे बरेच प्रयोग मेंदूच्या कापातले किंवा मॉडेलमधले आहेत, जिवंत प्राण्यात हजारो सिनॅप्स एकदम बडबडत असताना यातलं नेमकं किती वापरलं जातं यावर जाणकार लोक अजून भांडतायत. पुरावे येतायत, नाही असं नाही, २०१३ मध्ये जिवंत उंदराच्या दृष्टीच्या भागातल्या डेंड्राइटमधून थेट मोजून दाखवलं की रेघ कुठल्या कोनात आहे ते ओळखायला या फांदीतल्या स्पाइकची मदत होते. पण तिथून एकदम "मेंदूचं कोडं सुटलं" वर उडी मारायची घाई नको, एआयवाल्यांची घाईच पुरेशी आहे.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी ते "अगदी असंच" आलं की तुमच्या उपसंपादकांनी ते कापावं, "यावरून सुचलेलं" एवढं पुरे. आणि जमलं तर या विषयात काम करणाऱ्या कुणाकडून तरी एक सलग लेख लिहून घ्या, केबलपासून सुरुवात करून. हे पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागा नसेल तर खुशाल कापा, माझं लाइनमधलं पुराण आधी कापा, पण एकल्स आणि रॉलचा किस्सा तेवढा ठेवा.

आपला,
एक जुना वाचक